विमा नसला तरी तपासणी आणि लस मोफत: कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

आयुष्मान कार्ड काढलेलं नाही, कामावर विमा नाही, म्हणून तपासणी पुढे ढकलणारे खूप जण आहेत. ही समजूत आधी दूर करायला हवी. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. क्षयरोग किंवा एचआयव्हीची तपासणी, बाळाची लस, कुत्रा चावल्यावरची लस यांचा त्या कार्डाशी संबंध नाही. उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. महापालिकेची रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे केसपेपरचे किंवा इतर तपासण्यांचे पैसे लागू शकतात. पण क्षयरोग, एचआयव्ही आणि बालकांचं लसीकरण हे राष्ट्रीय कार्यक्रम तिथेही मोफतच चालतात.

क्षयरोगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे उशीर सगळ्या घराला महागात पडतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना सांगा. थुंकीसाठी डबी मिळते. सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका द्यायचा, नुसती लाळ चालत नाही. निदान झालं की 'निक्षय' या सरकारच्या क्षयरोग नोंदणी पोर्टलवर नोंद होते आणि औषधं मोफत सुरू होतात. घरातल्यांचीही तपासणी करून घ्या. आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागते ती पोषण आहाराच्या पैशांसाठी: नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यालाही नोंद झाली असेल तर हे पैसे मिळतात. खातं नाही म्हणून तपासणी मात्र थांबवू नका, खातं नंतरही उघडता येतं.

एचआयव्हीसाठी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र, कुठे आहे ते विचारा. आधी समुपदेशक बोलतात, मग रक्त घेतात. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कुणी दारातच मोठ्याने कारण विचारलं तर 'आयसीटीसीत जायचंय' एवढंच सांगा. जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

बाळांच्या लसींसाठी लागतं माता-बाल संरक्षण कार्ड. ऊसतोडीला किंवा बांधकामावर गाव सोडून गेलेल्या आईबापांनी ते जपून सोबत ठेवावं, कारण लस जिथे असाल तिथल्या केंद्रात मिळते, मूळ गावी परतावं लागत नाही. कार्ड हरवलं तरी बाळाला परत पाठवता कामा नये. एखादा डोस चुकला तर सगळं पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेले डोस पुढे देतात. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाविरुद्धची लस, मात्र एक वर्षाच्या आतच.

कुत्रा चावला तर कागद शोधत बसू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी केंद्रात जा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. ते प्रत्येक प्राथमिक केंद्रात नसतं, म्हणून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या. पुढचे डोस ठरल्या तारखेला घ्या, जखम भरली तरी.

मोठ्या माणसांसाठी फ्लू किंवा हिपॅटायटिस बीची लस सरसकट मोफत मिळत नाही, हेही माहीत असू द्या. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि औषधं मात्र २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, त्यासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा. कुठे जायचं ते कळत नसेल तर राज्याची आरोग्य हेल्पलाइन १०४, क्षयरोगासाठी १८००-११-६६६६.