बदलायला मनाई असलेले प्रथिन

तारकर्ली, गुहागर, दापोलीच्या किनाऱ्यांवरून डॉल्फिन पाहायला होड्या सुटू लागल्यापासून ‘डॉल्फिनचा मेंदू वेगळ्याच घडणीचा असतो’ हे वाक्य कानावर पडल्याशिवाय हंगाम सरत नाही. आकार आणि वळ्या यांपुरते ते खरे आहे. आत वापरलेला माल तपासला तर मात्र उलटेच दिसते. कॅल्मोड्युलिन हे प्रथिन घ्या. १४८ अमिनो आम्लांची ही साखळी डॉल्फिनमध्ये, काजूच्या बागेत नासधूस करणाऱ्या वांदरात, पडवीतल्या चिचुंद्रीत आणि आपल्यात सारखीच आहे. एकाही अमिनो आम्लाचा फरक नाही.

चेतापेशी उत्तेजित झाली की तिच्यात कॅल्शिअमचे आयन शिरतात. कॅल्मोड्युलिनवरच्या चार जागी ते बसले की त्याचा आकार बदलतो आणि ते एखाद्या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे एन्झाइमला) विळखा घालून कामाला लावते. स्मृती पक्की होण्यासाठी लागणारा एक विकर असाच जागा होतो.

खरी गंमत जनुकांत आहे. हे एक प्रथिन बनवणारी जनुके माणसात तीन आहेत, तीही २, १४ आणि १९ या निरनिराळ्या गुणसूत्रांवर. एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएमध्ये बहुधा एकाहून अधिक त्रिअक्षरी संकेत चालतात, ल्युसिनसाठी तर सहा. या सवलतीमुळे कोट्यवधी वर्षांत तिन्ही जनुकांची अक्षरे जागोजागी बदलली, पण तिघांतून उतरणारे प्रथिन तंतोतंत तेच राहिले. म्हणजे उत्परिवर्तने होतच होती. प्रथिनाला धक्का लावणारी तेवढी नैसर्गिक निवडीने बाद केली. कॅल्मोड्युलिनला शेकडो प्रथिनांशी जुळते राहावे लागते, आणि सातबाऱ्यावर चाळीस सहहिस्सेदार असलेल्या कोकणातल्या घराचा वासाही जसा कुणाला एकट्याने बदलता येत नाही, तशी त्याची गत आहे. हे प्रथिन हृदयातही काम करते. आईवडिलांकडून आलेल्या मिळून सहा जनुकप्रतींपैकी एकीत एका अमिनो आम्लाचा बदल झाला, तरी काही मुलांच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडते, हे २०१२ मध्ये उघड झाले.

भेजा खाल्ल्याने बुद्धी वाढते असे मानणाऱ्यांना यात आधार सापडेल, म्हणून सांगून ठेवतो: बकऱ्याचे कॅल्मोड्युलिन आपल्यासारखेच असले, तरी पोटात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लेच उरतात आणि तिथे भेज्याला मुगाच्या आमटीहून अधिक मान नाही. ‘ब्रेन टॉनिक’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या भुकट्यांनाही हाच न्याय लागू आहे.

मग वांदराच्या आणि आपल्या मेंदूत फरक पडतो कशाने? बराचसा, कोणते प्रथिन कधी, कुठे आणि किती बनावे हे ठरवणाऱ्या डीएनएने. शिवाय ज्यांत प्रथिन बनवण्याची कृती नसते असे डीएनएचे इतर तुकडेही आहेत. २००६ मध्ये प्रकाशात आलेल्या ११८ अक्षरांच्या अशा एका तुकड्यात कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात फक्त २ अक्षरांचा फरक आहे, चिंपांझी आणि माणूस यांच्यात मात्र १८ अक्षरांचा. गर्भात मेंदूचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, घडत असताना हा तुकडा वाचला जातो, त्यावरून आरएनए तयार होतो. प्रथिन मात्र बनत नाही.