बिलाखालची एक ओळ

वऱ्हाडात कापसाच्या सौद्यावर कायद्याचा हात आधी पडला तो बाजाराच्या आवारात. कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कायदाही आला. पण आवाराबाहेर गेलेल्या मालाचे पैसे बुडाले तर काय करायचं, हा त्याचा विषय नव्हता. १९७२ पासून राज्याची एकाधिकार खरेदी होती, तेव्हा कापसाचा खासगी व्यापारच थांबला. या शतकाच्या सुरुवातीला तो मोकळा झाला. त्यामुळे परप्रांतातल्या गिरणीकडे अडकलेल्या पैशांचं काम वणी, हिंगणघाट, अकोटच्या वकिलांकडे खऱ्या अर्थाने आलं ते त्यानंतर.

सौदा फोनवर ठरतो. दलाल चिठ्ठी पाठवतो, गाठी ट्रकमध्ये चढतात, वाद निघतो तो ओलाव्यावर, धाग्याच्या लांबीवर किंवा नुसत्याच 'पुढच्या आठवड्यात पाठवतो'वर. मग कागद शोधले जातात आणि चिठ्ठीच्या किंवा बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ सापडते : वाद कोइम्बतूरच्या, म्हणजे गिरणीच्या गावच्या, न्यायालयाच्या अधिकारात.

सगळा गुंता या ओळीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रतिवादी राहतो तिथे किंवा दाव्याचं कारण अंशतः जरी घडलं तिथे दावा लावता येतो. अशी दोन न्यायालयं असतील तर पक्षकार त्यातलं एक निवडू शकतात, पण अधिकारच नसलेल्या न्यायालयाला करारातून अधिकार देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितलं. १९८९ च्या निकालात प्रश्न शब्दांवर आला. कलमात 'फक्त', 'केवळ' असं काही नव्हतं, म्हणून दुसऱ्या गावचं न्यायालय बाद झालं नाही. इकडच्या वकिलांनी या निकालावर बरीच वर्षं काढली. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की 'फक्त' नसलं तरी एका गावाचं नाव लिहिलं म्हणजे बाकीची वगळण्याचाच हेतू दिसतो. लहान जिनरच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी विकणाऱ्याच्या, हातातला जुना आधार तिथे निसटला. न्यायालयाचा तर्क सरळ आहे, पण सौद्यात दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या असतात हे त्याने गृहीत धरलं, असं मला वाटतं. उरतो तो युक्तिवाद असा की सौदा आधी झाला, छापील कागद मागाहून आला, मग ती ओळ आम्ही मान्य केली कधी?

२०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यात दाव्याच्या रकमेची किमान मर्यादा १ कोटीची होती, २०१८ मध्ये ती ३ लाखांवर आली. दोन-चार ट्रकांचा वादही त्यामुळे तालुक्यातून जिल्ह्याला गेला. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि ती टाळलेले दावे २० ऑगस्ट २०२२ पासून फेटाळले जातात.

या साऱ्याला वळसा घालणारी वाट २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात होती, पण आपल्याकडे ती उशिरा कळली. माल घेतल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. खरेदीदार देशात कुठेही असो, विक्रेता जिथला तिथल्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार करता येते. कोइम्बतूरची ओळ इथे आडवी येत नाही. तिथला निवाडा रद्द करून घ्यायचा तर विरोधकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

यातही एक मेख आहे. जिनर उत्पादक म्हणून यात बसतो. त्याच आवारात नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही २०२१ पासून उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने नोंदणी कराराआधीची हवी असं ठरवलं, आणि २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी हाच प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. म्हणून पक्षकार खुर्चीत बसला की वकील आता आधी उद्यमच्या प्रमाणपत्रावरची तारीख बघतात, बिल नंतर.