नहपानाच्या नाकावर सातकर्णीचा ठसा

चांदीचं नाणं, जेमतेम दोन ग्रॅमचं. भिंगाखाली धरून थोडं तिरकं केलं की आधी दिसतो तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ. डोळा सरावला की त्याच डोंगराआडून एक नाक डोकावतं, मग गाल, मग कडेला मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांचे अवशेष. डोंगर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, नाक नहपानाचं.

नहपान हा शक क्षत्रप, म्हणजे सुभेदारासारखा सत्ताधीश, क्षहरात घराण्यातला. मध्य आशियातून आलेल्या या लोकांनी नाशिक-जुन्नरपर्यंतचा मुलूख सातवाहनांकडून हिसकावला होता. 1906 साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावी त्याच्या नाण्यांचा घबाड म्हणावा असा साठा सापडला: तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा ठसा. विजयी राजाने चांदी वितळवण्याच्या भानगडीत न पडता जुनंच नाणं ऐरणीवर ठेवून वरून नवा ठसा हाणला. वजन तेच, मालक नवा. घाव थोडा तिरपा बसला की खालचा राजा शिल्लक राहतो. नाणेशास्त्राचा बराचसा धंदा अशा तिरप्या घावांवरच चालतो. कोण आधी, कोण नंतर, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

परक्यांची सत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लुटालूट येते. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहा नंबरच्या लेण्यात मात्र चक्क मुदत ठेवीची पावती कोरलेली आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणं (त्या काळची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवली. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज. वर्षाचे होतात 240, आणि लेखात वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं दिली आहेत. हिशेब पैचाही चुकत नाही! उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज खायचं, असंही बजावलंय. विणकरांना भांडवल, भिक्षूंना वस्त्रं आणि जावईबापूंना पुण्य. हातमागावरच्या माणसाला राजा शक की सातवाहन याने फारसा फरक पडला असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि जुन्यावर नवा ठसा हाणणं फक्त नाण्यांपुरतं नव्हतं. त्याच डोंगरातल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राचा अठराव्या राज्यवर्षातला हुकूम आहे, गोवर्धनच्या अमात्याला विजयी छावणीतून धाडलेला. त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या भिक्षूंना दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत द्यावं, असं तो सांगतो. कुठलं शेत, याची खूणही दिली आहे: आजवर उषवदाताकडे होतं, ते.