परक्यांचा फ्रान्स : आठवणी आणि चरित्रं

जन्म फ्रान्सचा नाही, घरी फ्रेंच कोणी बोलत नाही, तरी तिथल्या जगण्याची ओढ लागून जे लोक गेले आणि राहिले त्यांनी लिहिलेल्या आठवणी, आणि त्यांच्यावर दुसऱ्यांनी लिहिलेली चरित्रं, असा पुस्तकांचा एक मोठा कप्पा आहे. लिहिणारे बरेचसे अमेरिकन नाहीतर ब्रिटिश, आणि जागा म्हणाल तर आधी पॅरिस, मग दक्षिणेकडचा प्रोव्हान्स. वाचताना एक लक्षात ठेवायचं, यातली गाजलेली पुस्तकं बरीचशी तो काळ संपून गेल्यावर, वीस-तीस-पन्नास वर्षांनी लिहिलेली आहेत, त्यामुळे त्यात फ्रान्स किती आणि लेखकाचं स्वतःचं तरुणपण किती हे निवडून काढणं अवघड जातं.

सगळ्यात ठळक उदाहरण हेमिंग्वेचं. तो १९२१ च्या डिसेंबरात बायको हॅडलीला घेऊन पॅरिसला आला, पण त्या दिवसांवरचं ‘अ मूव्हेबल फीस्ट’ लिहायला घेतलं पन्नाशी ओलांडल्यावर, रिट्झ हॉटेलात ठेवून दिलेल्या त्याच्या जुन्या ट्रंका १९५६ मध्ये परत हाती आल्या त्यानंतर. १९६१ मध्ये तो गेला, पुस्तक आलं १९६४ मध्ये, चौथ्या बायकोने जुळवून दिलेलं. मग २००९ मध्ये त्याच्या नातवाने वेगळी मांडणी करून नवी आवृत्ती काढली, आणि हा नातू दुसऱ्या बायकोचा, म्हणजे जिच्यामुळे हॅडलीचा संसार मोडला त्या पॉलिनचा, तेव्हा आजीची बाजू जरा सावरलीय अशी कुजबुज झालीच. पुस्तकात गरिबीचं कौतुक फार आहे, उपाशीपोटी चित्रं जास्त चांगली दिसतात वगैरे, पण खिशात डॉलर होते हे विसरू नये. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरत गेला, १९२६ च्या जुलैत एका डॉलरला पन्नासच्या आसपास फ्रँक मिळत होते, पुढे तो पंचविसाच्या आसपास स्थिरावला. निम्मी ‘हरवलेली पिढी’ (महायुद्धानंतर पॅरिसला जमलेले तरुण अमेरिकन लेखक) कलेच्या ओढीने आली असेल, पण ती तिथे टिकली त्यात स्वस्ताईचा वाटा मोठा. खरी भूक पाहिजे तर ऑर्वेलचं १९३३ चं ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ वाचावं, त्यात तो हॉटेलच्या तळघरात भांडी घासतो आणि एकेक सू (फ्रेंच चिल्लर) मोजतो.

पॅरिसमध्येच राहणाऱ्या अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनने तर वेगळीच गंमत केली. स्वतःचं चरित्र लिहिलं ते जोडीदारीण अ‍ॅलिस टोक्लसच्या तोंडून, नावही ‘अ‍ॅलिस बी. टोक्लसचं आत्मचरित्र’, आणि हे खरं लिहिलंय कोणी ते शेवटच्या ओळींत सांगितलं. १९३३ मध्ये ते आलं आणि धो-धो खपलं, पण ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं ते मातीस, ब्राक वगैरे चित्रकार मंडळी भडकली, १९३५ मध्ये त्यांनी ‘गर्ट्रूड स्टाइनविरुद्ध साक्ष’ असं चक्क छापून आणलं. बाईंना फ्रेंच नीट कळत नव्हतं आणि चित्रकलेतलंही फारसं काही समजलेलं नव्हतं असा एकूण सूर.

सिल्व्हिया बीच ही पुस्तकवाली. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे इंग्रजी पुस्तकांचं दुकान आणि लायब्ररी काढली, १९२२ मध्ये जॉइसचं ‘युलिसिस’ छापलं, १९४१ मध्ये एका जर्मन अधिकाऱ्याला पुस्तक विकायला नकार देऊन दुकान तातडीने रिकामं केलं, नंतर सहा महिने जर्मनांच्या छावणीत स्थानबद्ध होऊन काढले. तिच्या आठवणी १९५९ च्या. आज नदीकाठी जिथे टुरिस्ट फोटो काढतात ते त्याच नावाचं पण दुसऱ्याचं दुकान आहे.

सगळ्यांनाच फ्रान्स मेजवानीसारखा भेटला असं नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये चाळीसेक डॉलर घेऊन आला, अमेरिकेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून. पुढच्या वर्षी ख्रिसमसच्या तोंडावर पोलिसांनी त्याला धरलं, कारण काय तर ओळखीच्या एका माणसाने दुसऱ्या हॉटेलातून उचललेली पलंगावरची चादर याच्या खोलीत निघाली. एका चादरीपायी आठेक दिवस कोठडी. शेवटी कोर्टात चादरीची हकिगत ऐकून लोक हसले आणि तो सुटला, पण ते हसू ऐकून त्याला आपण घरापासून लांब आलोच नाही असं वाटलं. यावर त्याने लिहिलेला निबंध पन्नास-शंभर गोड आठवणींवर भारी आहे.

या पुस्तकांतली खाण्याची शाखा पाककलेवर लिहिणाऱ्या अमेरिकन ज्युलिया चाइल्डपासून धरतात. नोव्हेंबर १९४८ मध्ये बोटीतून ल हाव्र बंदरात उतरून पॅरिसला जाताना रुआँ गावात जेवायला थांबले, तिथे कालवं आणि मग लोण्यात तळलेला सोल मासा, त्या एका जेवणाने बाईंचं आयुष्य फिरलं. तेव्हा वय छत्तीस, स्वयंपाक जेमतेम. मग ‘कॉर्डों ब्ल्यू’ या पाकशाळेत शिकल्या, आणि आठवणी आल्या त्या २००६ मध्ये, त्या गेल्यावर, नवऱ्याच्या भावाच्या नातवाने पुरं केलेल्या. ब्रिटिश लेखक पीटर मेलने प्रोव्हान्सचं एक वर्ष बारा महिन्यांच्या बारा प्रकरणांत मांडलं (१९८९), पहिली आवृत्ती तीन हजारांची, पुढे लाखोंनी खप. परिणाम असा की वाचकच त्याच्या दारात येऊन उभे राहायला लागले आणि त्याला काही वर्षं गाव सोडून अमेरिकेत जावं लागलं. त्याच्या नकला नंतर इतक्या निघाल्या की जुनं घर, टाळाटाळ करणारा गवंडी आणि ऑलिव्हचं झाड हा साचाच पडला.

आपल्याकडून गेलेल्यांत सय्यद हैदर रझा हे मोठं नाव. नागपूर, मग मुंबईचं जे.जे., १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या स्कॉलरशिपवर पॅरिस, १९५९ मध्ये चित्रकार जानीन मोंजियाशी लग्न, आणि तब्बल साठ वर्षं तिकडे काढून २०१० च्या अखेरीस परत. जितका काळ तिकडे राहिले तितका बिंदू त्यांच्या चित्रात पक्का होत गेला, त्यामुळे त्यांच्या चरित्रात फ्रान्स आणि मध्य प्रदेशातलं मंडला सारखे शेजारी येतात. दफन मंडल्यालाच झालं, २०१६ मध्ये.

मराठीत या वाटेवर माधुरी पुरंदरे भेटतात. त्या स्वतः पॅरिसला कला शिकून आलेल्या, पुण्यात फ्रेंच शिकवलेल्या, आणि त्यांनी मराठीत आणले ते दोघेही फ्रान्समधले परकेच, एक डच व्हॅन गॉग (आयर्विंग स्टोनच्या कादंबरीवरून) आणि एक स्पॅनिश पिकासो. पिकासोच्या बाबतीत तर परकेपणा कागदोपत्री होता. १९०१ पासून पोलिसांकडे त्याची फाइल, अराजकवादी असल्याचा संशय, परदेशी म्हणून ओळखपत्र काढायचं आणि ते वेळोवेळी नवं करून घ्यायचं. १९४० मध्ये त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. अ‍ॅनी कोहेन-सोलाल यांनी २०२१ मध्ये या सरकारी कागदांवरूनच त्याचं चरित्र लिहिलं. त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या ३० तारखेला, सेंट लुइसमध्ये जन्मलेल्या आणि १९३७ मध्ये फ्रेंच झालेल्या नर्तिका-गायिका जोसेफिन बेकरला पँथिऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, मानाची जागा मिळाली. पिकासो १९७३ मध्ये मूजँ गावात वारला तेव्हाही स्पॅनिशच होता.