अग्निगोल

शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. 'तारा तुटला' असे आपण ज्याला म्हणतो ती साधी उल्का बहुधा वाळूच्या कणाएवढी असते. अग्निगोलाच्या पोटी खडा किंवा चांगला मोठा दगड असतो. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने तो वातावरणात शिरतो. समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, दगडाचा पृष्ठभाग वितळून वाफ होतो आणि जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटरवर प्रकाश दिसू लागतो. अंगणात झाडांच्या सावल्या पडतात आणि भराभर सरकतात. हिरवट छटा मॅग्नेशियमची, पिवळसर सोडियमची.

बहुतेक अग्निगोल काही सेकंदांत विझतात. पाहणाऱ्याने मात्र लगेच घरात वळू नये. घड्याळ पाहावे, तो कुठल्या झाडामागे किंवा टाकीवर विझला ते लक्षात ठेवावे आणि कान देऊन थांबावे. ३० किलोमीटर उंचीवरचा आवाज खाली पोचायला दीड मिनिटाहून अधिक लागते. हा उशीर जिवावर बेतू शकतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे २० मीटर व्यासाचा दगड फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी जमले आणि मग आघात-लहर येऊन थडकली. सुमारे १,५०० जण जखमी झाले, बहुतेक फुटलेल्या काचांनी. डोळे दिपवणारा लोळ दिसला तर खिडकीपासून दूर व्हावे, हे प्रत्येक शाळेत शिकवायला हवे.

'पलीकडच्या शेतातच पडला' असे हमखास वाटते, पण तो शेकडो किलोमीटर दूरही असू शकतो. उरलेला तुकडा, म्हणजे अशनी, शेवटचा प्रवास न चमकता करतो आणि जमिनीवर पडतो तेव्हा सहसा आग लावण्याइतका तापलेला नसतो. त्याच्यावर पातळ काळे कवच असते. गुजरातमधील धजाला येथे २८ जानेवारी १९७६ च्या रात्री असा अशनीपात झाला.

आकाशातला प्रत्येक लोळ उल्काच असतो असे नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशात असंख्य लोकांनी ठिणग्यांची रांग संथपणे सरकताना पाहिली. हा संथपणाच महत्त्वाची खूण होती: पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून कोसळणारा रॉकेटचा किंवा उपग्रहाचा अवशेष सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो, म्हणून तो उल्केपेक्षा बराच वेळ दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात त्या रात्री धातूचे मोठे कडे सापडले. ते चिनी रॉकेटचे असल्याचे मानले जाते.