सावलीतलं तापमान, उन्हातली हजेरी

‘आज पुण्यात ४०’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेतला असतो. वेधशाळेत तापमापक ठेवायची रीत ठरलेली आहे: झडपांची पांढरी पेटी, वारा आतून खेळेल पण ऊन शिरणार नाही अशी. म्हणजे हा आकडा सावलीतला. हवेचं तापमान मोजायचं तर ते असंच मोजायला हवं, त्यात काही चूक नाही. पण त्याच आकड्यावरून कष्टकऱ्यांच्या पोटापाण्याचे निर्णय होऊ लागले की अडचण सुरू होते.

गेल्या एप्रिलात वारज्याजवळच्या एका बांधकामावर दुपारी दीडच्या सुमारास थांबले होते. बिगारी काम करणारी एक मावशी, साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, डोक्यावर चुंबळ आणि वाळूचं घमेलं. चार-पाच खेपा झाल्या की पिंपाशी जायची, टॉवेल भिजवून मानेवर टाकायची. पुढच्या दोन खेपांत तो कोरडा. झाड नाही, आडोसा नाही, पायाखालचा स्लॅब तापलेला. दुपारी थांबत नाही का, विचारलं तर म्हणाली, “थांबलं की अर्धी हजेरी लागते, ताई.”

तो टॉवेल जे करत होता तेच घाम करतो. वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ओझं उचलणाऱ्या शरीरात स्नायूंची उष्णता सतत तयार होत असते. ती बाहेर पडली नाही तर आधी हात मंदावतात, मग चक्कर येते. हवा दमट असली तर घाम वाळतच नाही. म्हणून कामाच्या जागेचा उष्मा मोजताना तीन तापमापक लागतात: एक ओलं फडकं गुंडाळलेला, एक उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातला आणि एक साधा. तिन्हींचा मिळून एक आकडा काढताना ओल्याला ७० टक्के वजन, गोळ्याला २०, साध्याला १०. ज्या आकड्याची बातमी होते, त्याच्या वाट्याला एवढा दहावा हिस्सा!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९मध्ये हिशेब मांडला, की २०३०पर्यंत भारतात कामाचे ५.८ टक्के तास उष्म्यामुळे वाया जातील, म्हणजे साधारण ३.४ कोटी पूर्णवेळ रोजगारांइतके. या अंदाजात शेती आणि बांधकाम सावलीत चालतं असं धरलं आहे. तीच कामं उन्हात धरली, तर जगाचा तोटा २.२ टक्क्यांवरून ३.८वर जातो. सावली ही केवढी मोठी आर्थिक गोष्ट आहे, ते या दोन आकड्यांमधल्या फरकात दिसतं.

भारतीय कारखान्यांवरचा २०२१चा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षाचं तापमान एका अंशाने वाढलं की कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं, असं त्यात आढळलं. कामाची जागा थंड केली की हाताचा वेग टिकतो, खाडे मात्र कमी होत नाहीत. का? माझ्या मते उत्तर घरात शोधायला हवं. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत पत्र्याच्या खोलीत रात्र काढलेला माणूस सकाळी थकलेलाच उठतो, कारखान्यात कितीही कूलर असोत.

आता धोरणाकडे बघू. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असावं लागतं. पुण्याची एप्रिलची सरासरी ३८च्या आसपास. म्हणजे साडेबेचाळीसपर्यंत ‘लाट’ नाहीच, आणि मावशीचा टॉवेल तर त्याच्या कितीतरी आधीच वाळतोय.

‘सेवा’ या महिला कामगारांच्या संघटनेने उष्म्याचा विमा काढून पाहिला. ठरलेल्या तापमानाची रेषा ओलांडली की पावत्या न दाखवता थेट पैसे खात्यात. २०२४मध्ये हजारो बायकांना प्रत्येकी ४००च्या आसपास रुपये मिळालेही. मला ही दिशा पटते, कारण त्यात बुडालेल्या मजुरीला पहिल्यांदा नाव मिळतं. पण ती रेषा कुठल्या तापमापकावर ओढायची, यावर सगळं अडतं. कोरेगाव पार्क, मगरपट्टा इथले आकडे शिवाजीनगरपेक्षा अनेकदा चढेच असतात. पत्र्याखालचा आकडा तर कुठेच नोंदवला जात नाही.

सगळ्यात सोपा उपाय सांगतात तो वेळ बदलण्याचा: पहाटे सहाला काम सुरू करा, अकराला थांबा. कागदावर बिनखर्चाचा आहे. मावशीलाही तेच सुचवलं. तिने चुंबळ नीट केली, घमेल्याला हात घातला.

“सहाला आमच्याकडं नळ येतो,” ती म्हणाली. “तासभरच. मग पाणी कोण भरणार?”