कारागृहातलं दूरशिक्षण (इंटरनेटशिवायचं)

शिक्षा भोगणारे किंवा खटला चालू असलेले बंदी मुक्त विद्यापीठातून शिकतात ते शिक्षण, आणि आत इंटरनेट नसल्यामुळे त्यांना बाहेरून जी मदत पोचवावी लागते ती, असं दोन्ही मिळून या नोंदीत धरलंय. साक्षरता वर्ग, सुतारकाम-शिवणकाम वगैरे इथे घेतलेलं नाही.

सुरुवात कुठून मोजायची यावर वाद आहे. लंडन विद्यापीठानं 1858 मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या म्हणून काहीजण तिथून मोजतात, पण परीक्षा खुली असणं वेगळं आणि कोठडीपर्यंत पुस्तक पोचणं वेगळं. दुसरं मत दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांचं उदाहरण देतं, जर्मन छावण्यांतल्या ब्रिटिश सैनिकांना रेड क्रॉसमार्फत पुस्तकं जायची आणि छावणीतच बसून परीक्षाही व्हायच्या, पण युद्धकैदी म्हणजे शिक्षा झालेला कैदी नव्हे त्यामुळे हे उदाहरण थोडं बाजूलाच पडतं. तिसरं मत दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगाचं. तिथले राजकीय कैदी पोस्टानं शिकत होते, मंडेलांनी लंडनच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास तिथेच चालू ठेवला आणि शेवटी पदवी मिळाली ती 1989 मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठाची. पण तिथे अभ्यास ही सवलत होती, हक्क नव्हता. 1977 मध्ये अंगणात पुरलेलं त्यांच्या आत्मचरित्राचं हस्तलिखित सापडलं आणि शिक्षा म्हणून त्यांचा अभ्यासच चार वर्षं बंद केला. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली 1969 मध्ये, शिकवणं सुरू झालं 1971 मध्ये, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ती तुरुंगात पोचली. नुसती परीक्षा न घेता ट्यूटर आत जाणं, गृहपाठ तपासून परत येणं ही व्यवस्था तिथे नीट बसली, त्यामुळे आजच्या अर्थानं सुरुवात तिथून धरलेली बरी.

भारतात इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) स्थापना 1985 ची, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची 1989 ची. तिहारमधलं इग्नूचं केंद्र साधारण 1994 चं मानतात, म्हणजे किरण बेदी तिथे महानिरीक्षक होत्या त्या काळातलं. महाराष्ट्रात नागपूर मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी दोन्ही विद्यापीठांचे कोर्स करता येतात, आणि मराठी माध्यमाची पुस्तकं लागणाऱ्याला नाशिकचं विद्यापीठ जास्त सोयीचं पडतं हे उघडच आहे. कायद्याच्या बाजूनं बघायचं तर शिक्षणाचा थेट नसला तरी जवळचा एक महाराष्ट्रातलाच खटला आहे. प्रभाकर संझगिरी यांनी स्थानबद्धतेत असताना अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, ते छापायला बाहेर पाठवायला सरकारनं नकार दिला, आणि सुप्रीम कोर्टानं 1965 मध्ये संझगिरींच्या बाजूनं निकाल दिला. जेलमधून कागद बाहेर जाण्याचा प्रश्न इतका जुना आहे.

आता प्रत्यक्ष अडचण. इंटरनेट नाही म्हणजे व्हिडिओ लेक्चर बघता येत नाही असं बाहेरच्यांना वाटतं, पण ते त्यातल्या त्यात सोपं, इग्नूची छापील पुस्तकं मुळातच एकट्यानं वाचायला लिहिलेली असतात. खरी अडचण प्रवेशाची आहे. फॉर्म ऑनलाइन, त्याला ईमेल आणि मोबाइल नंबर लागतो, ओटीपी येतो, पुढे परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल सगळं पोर्टलवर, आणि बंद्याकडे यातलं काहीच नसतं. मग जेलचे गुरुजी किंवा केंद्राचा समन्वयक स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या नंबरवर हे करून घेतात, घरच्यांचा नंबर दिला असेल तर ओटीपी गावातल्या कुणाच्या तरी फोनवर येतो आणि तो माणूस त्या वेळी शेतात असला की काम दुसऱ्या दिवसावर गेलं. गृहपाठ हातानं लिहून केंद्रात द्यायचे, त्यांना इग्नूत बऱ्याच कोर्सना साधारण 30 टक्के वजन असतं. झडतीत वह्या विस्कटल्या किंवा दुसऱ्या जेलला बदली झाली की मागचे कागद मागेच राहतात. कच्च्या कैद्यांचं तर अजून अवघड, कोर्टाची तारीख आणि पेपर एकाच दिवशी आला तर तारखेलाच जावं लागतं, आणि 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातले साधारण तीन चतुर्थांश बंदी कच्चेच होते.

यावर तांत्रिक उपाय बरेच निघालेत. ऑस्ट्रेलियातल्या सदर्न क्वीन्सलंड विद्यापीठानं मूडल ही शिकण्याची प्रणाली नेटशिवाय चालेल अशी बनवली आणि बंद्यांना त्यासाठी नेट नसलेले लॅपटॉप दिले, ब्रिटनमध्ये व्हर्च्युअल कॅम्पस नावाचं बंद जाळं आहे, जर्मनीत तुरुंगांसाठीची एलिस नावाची शिकण्याची प्रणाली, आणि नॉर्वेत परवानगी दिलेल्या मोजक्याच साइट उघडतात. किविक्स या नेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरमुळे अख्खा विकिपीडिया पेनड्राइव्हवर मावतो, मराठीसुद्धा. पण मशीन आलं म्हणून काम झालं असं होत नाही, फाइल कोण बदलणार, शंका कोणाला विचारणार, ही माणसं लागतातच. पैशाचा मुद्दा वेगळाच. अमेरिकेत 1994 मध्ये कैद्यांची पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) बंद झाली आणि थेट 2023 मध्ये परत पूर्ण सुरू झाली, ब्रिटनमध्ये सुटकेला सहा वर्षांपेक्षा जास्त बाकी असेल तर विद्यार्थी कर्ज मिळत नसे. इग्नूनं बंद्यांना फी माफ केली, ही बाजू आपल्याकडे तुलनेनं बरी म्हणायची.

महाराष्ट्रात परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत विशेष माफी मिळते, नागपूरच्या बाबतीत 90 दिवसांचा उल्लेख येतो. माफीसाठीच बसतात अशी टीका होते. असेनात का, पुस्तक वाचल्याशिवाय पेपर तर सुटत नाही. कोर्स अर्धवट असताना सुटका झाली तर बाहेरचं अभ्यासकेंद्र बदलून घेता येतं, नोंदणी क्रमांक तोच राहतो आणि बीएला जास्तीत जास्त 6 वर्षं मिळतात, त्यामुळे सुटायच्या आधी गुरुजींकडून तो क्रमांक आणि पास झालेल्या विषयांची यादी कागदावर लिहून घेतलेली बरी.